नवी व्हीएमसी शेडमध्ये आल्यावर: पहिले पंधरा दिवस

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आजवर चार व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन, उतरल्या. दर वेळी घाई तीच. बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो, पार्टीचं कास्टिंग गेटवर येऊन पडलेलं असतं आणि घरचे, कामगार, शेजारचे सगळे एकच विचारतात, "पहिला जॉब कधी?" कंपनीचा इंजिनिअर तीन-चार दिवस राहतो, कमिशनिंग रिपोर्टवर सही घेतो आणि पुढच्या गावाला जातो. त्यानंतर पंधरा वर्षं ते मशीन असतं आणि आपण असतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. मशीनला पहिले पंधरा दिवस द्या, आणि त्या पंधरा दिवसांतलं प्रत्येक रीडिंग स्वतःच्या हाताने घेऊन वहीत लिहा. दोनशे पानी साधी वही पुरते. मशीन नवं असताना ते कसं होतं हे लिहून ठेवलेलं नसेल, तर पाच वर्षांनी ते बिघडलं की नाही हे ठरवायला आपल्याकडे काहीच नसतं.

खाली जे लिहितोय ते आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या मशीनला धरून आहे: एक्स ८००, वाय ५००, झेड ५०० मिलिमीटरच्या आसपास, बीटी ४० स्पिंडल (टूल धरून फिरणारा दांडा, बीटी ४० हे त्याच्या टेपरचं माप), ८००० आरपीएम, २४ टूलचा आर्मवाला एटीसी (टूल आपोआप बदलणारी यंत्रणा) आणि फॅनुक कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर). वजन साधारण पाच टन. तुमचं मशीन वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

मशीन यायच्या महिनाभर आधी

फाउंडेशनचं ड्रॉइंग ऑर्डर देतानाच मागून घ्या. एवढ्या वजनाच्या मशीनला बहुतेक वेळा वेगळा खड्डा लागत नाही, २०० ते ३०० मिलिमीटर जाडीचा चांगला आरसीसी कोबा चालतो. पण तो एकसंध हवा. मशीनचे सहा पाय दोन वेगवेगळ्या स्लॅबवर येता कामा नयेत, मध्ये सांधा नको आणि खाली जुनं गटार किंवा भराव नको. काँक्रीट ओतल्यावर २८ दिवस थांबा.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमचं पहिलं मशीन मे महिन्यात बसलं. मागचा डावा पाय जिथे आला तिथे शेड बांधण्यापूर्वी एक नाली होती, ती मातीने बुजवलेली. आम्हाला ते माहीत होतं, पण वर सहा इंच कोबा आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. जुलैत पाऊस लागला आणि फेस मिलच्या (सपाट पृष्ठ कापणाऱ्या कटरच्या) दोन पासच्या मध्ये नखाला लागेल अशी पायरी यायला लागली. इन्सर्ट बदलले, होल्डर बदलला, दोन दिवस प्रोग्राम तपासले. शेवटी टेबलावर लेव्हल ठेवली, तर बुडबुडा पाच रेषा पळालेला. तो कोपरा खचला होता आणि बेडला पीळ पडला होता. मशीन उचलून, तेवढा कोबा फोडून नवा भरेपर्यंत महिना गेला.

वीज हा दुसरा विषय, आणि आपल्या भागात तो नाजूक आहे. शिरोलीत शेजारी फौंड्री असते, तिथे इंडक्शन फर्नेस चालते, त्यामुळे व्होल्टेज वरखाली होतं. या मशीनला २५ केव्हीएचा थ्री फेज सर्वो स्टॅबिलायझर बसवा. कंपनी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सांगत असेल तर तोही घ्या, तिथे पैसे वाचवू नका. मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंग पिट करा आणि त्याची तार थेट मशीनच्या पॅनलपर्यंत आणा. वेल्डिंग सेटवरून किंवा कॉम्प्रेसरवरून फिरवून आणलेलं अर्थिंग नको. लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या. एक ओमच्या आत आला तर उत्तम. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज शेडमधली बाकीची मशीनं चालू असताना मोजा, रविवारी शांत शेडमध्ये नाही. ते दोन व्होल्टच्या आत हवं. उन्हाळ्यात पिट कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालायचं काम कुणाचं हे आताच ठरवून टाका. कारण न कळणारे सर्वो अलार्म आणि मधेच हँग होणारा डिस्प्ले यांच्यामागे आम्हाला निम्म्या वेळा अर्थिंगच सापडलं आहे.

हवा ६ बारची, आणि कोरडी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतून रोज सकाळी पाणी निघतं. ते स्पिंडलच्या एअर ब्लोमधून टेपरवर गेलं की गंज ठरलेला. ड्रायर घ्या.

उतरवण्याचा दिवस

हायड्रा क्रेन दहा टनांच्या वरचीच बोलवा आणि ड्रायव्हर मशीन उतरवण्याचं काम केलेला असावा. पट्टे कुठे लावायचे याचं चित्र मॅन्युअलमध्ये असतं, ते छापून त्याच्या हातात द्या. मशीन शेडच्या दारातून आत सरकवताना रोलरवर घेतात तेव्हा पुढे एकाच माणसाने बोलायचं. चार जण "मामा, डावीकडं... मामा, थांबा" करत राहिले की अपघात होतो.

टेबल, हेड आणि कॉलम प्रवासात हलू नयेत म्हणून ब्रॅकेट लावलेले असतात, बहुधा लाल किंवा पिवळे. सगळे काढल्याची खात्री झाल्याशिवाय मेन चालू करायची नाही. एक राहिलेला ब्रॅकेट बॉल स्क्रूचं नुकसान करून जातो. काढलेले ब्रॅकेट त्यांच्या बोल्टसकट पिशवीत भरून, पिशवीवर मशीनचा नंबर लिहून कपाटात ठेवा. उद्या शेड बदलली तर तेच लागतील.

गाइडवेवर (टेबल आणि हेड ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांवर) गंज लागू नये म्हणून चिकट तेल फासलेलं असतं. केरोसिनमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने ते पुसून काढा. थिनर नको, वायपरचं रबर त्याने खराब होतं. एअर गनही नको, प्रवासातली धूळ ती थेट गाइडवेच्या आत ढकलते. मग ल्यूबच्या टाकीत मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रेडचंच तेल भरा.

पूजा त्याच दिवशी असते. ती व्हावी, आमच्याकडेही होते आणि खंडेनवमीला पुन्हा होते. फक्त नारळ उंबऱ्यावर फोडा आणि हळद-कुंकू दाराच्या पत्र्याला लावा. टेबलाच्या टी स्लॉटमध्ये नारळाचं पाणी आणि कुंकू गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस डाग उठलेला असतो.

लेव्हल

याला पूर्ण दिवस द्या. लेव्हल ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरची हवी. म्हणजे बुडबुडा एक रेषा सरकला तर मीटरभर लांबीत वीस मायक्रॉनचा फरक. बांधकामाच्या लेव्हलचा इथे काही उपयोग नाही. लेव्हल आधी तपासून घ्या: एका जागी ठेवून बुडबुडा बघा, तिथेच उलटी फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा मशीनच्या एकाच बाजूला तेवढाच दाखवला तर लेव्हल खरी.

टेबल एक्स आणि वायच्या मध्यावर आणा. एक लेव्हल एक्सच्या दिशेने, दुसरी वायच्या दिशेने ठेवा. सहा पाय असतील तर मधले दोन आधी मोकळे सोडा आणि चार कोपऱ्यांवर मशीन सरळ करा. दोन्ही बुडबुडे मध्ये आले की मधले पाय हाताने टेकवा आणि पान्याचा हलका झटका द्या. बुडबुडा हलायला लागला की थांबा. मधल्या पायांनी फक्त आधार द्यायचा, मशीन उचलायचं नाही.

बरेच जण इथे थांबतात. खरी तपासणी पुढे आहे. लेव्हल टेबलावरच ठेवून टेबल वायमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू चालवा आणि एक्सच्या दिशेची लेव्हल बघत राहा. बुडबुडा एका टोकाला डावीकडे आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे जात असेल, तर बेडला पीळ आहे. मध्यावर लेव्हल कितीही देखणी दिसली तरी हे मशीन गुण्यात काम करणार नाही. ज्या कोपऱ्याने पीळ पडलाय तो पाय आठव्या हिश्शाने फिरवायचा, लॉकनट आवळायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. लॉकनट आवळल्यावर रीडिंग बदलतं, म्हणून मोजायचं ते नट आवळूनच.

कुलंटची टाकी भरून, टूल मॅगझिनमध्ये टूल लावून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लेव्हल घ्या. दोन्ही दिवसांचे आकडे वहीत.

मेन चालू

कंपनीचा इंजिनिअर समोर असतानाच. आधी फेज सिक्वेन्स मीटर लावा. सर्वो मोटारींना फेजच्या क्रमाशी देणंघेणं नसतं, त्यामुळे अक्ष बरोबर चालतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. उलटा फिरतो तो कुलंट पंप, चिप कन्व्हेयर, चिलर. पंप वाजतो पण पाणी येत नाही, आणि लोक पंप खोलून बसतात.

अक्ष पहिल्यांदा हँडव्हीलने, सर्वांत कमी गुणाकारावर, दोन्ही टोकांपर्यंत चालवा. कान द्या. ल्यूब प्रत्येक गाइडवेवर पोचतंय का हे बोट लावून बघा. मग रॅपिड (कापत नसतानाची जलद चाल) २५ टक्क्यांवर अर्धा तास. एटीसी मॅन्युअलमध्ये, एकेक पायरी. हे सगळं झाल्यावर आठ तासांचा रिकामा प्रोग्राम लावा, ज्यात तिन्ही अक्ष, स्पिंडल आणि टूल चेंज सतत चालू राहतील. नव्या मशीनचा कच्चा दुवा बहुधा याच आठ तासांत उघडा पडतो. तो पडेपर्यंत रिपोर्टवर सही करू नका. इंजिनिअरला परत जायची गाडी पकडायची असते हे मी समजू शकतो, पण तुमची सही झाली की वॉरंटीचं घड्याळ सुरू होतं.

स्पिंडल

नवा स्पिंडल थेट ८००० वर नेणं म्हणजे बेअरिंगचं आयुष्य पहिल्याच दिवशी कापणं. ग्रीस भरलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस नीट पसरायला वेळ लागतो. मॅन्युअलमध्ये रन-इनचा तक्ता असेल तर तोच पाळा. नसेल तर आम्ही ५०० पासून सुरू करतो, मग १०००, २०००, ३०००, ४०००, ६००० आणि ८०००, प्रत्येक पायरीवर अर्धा तास. स्पिंडलच्या नाकाला हात लावून बघा, तापमान मोजायची गन असेल तर आकडा लिहा. हात ठेववत नाही इतकं तापलं तर थांबा, गार होऊ द्या आणि एक पायरी खाली येऊन पुन्हा चढा. पुढे रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम कायम ठेवा.

स्टडची चूक महागात पडते. बीटी ४० होल्डरच्या मागचा पुल स्टड ४५, ६० आणि ९० अंशांच्या कोनात मिळतो. दिसायला तिन्ही भाऊ-भाऊ. आपल्या मशीनचा कोन कोणता ते पाटीवर बघून सगळे स्टड एकदम, एकाच कंपनीचे घ्या. जुन्या मशीनचे होल्डर नव्याला लावण्याआधी प्रत्येकाचा स्टड तपासा. चुकीचा स्टड ग्रिपरमध्ये अर्धवट धरला जातो आणि टूल चालत्या स्पिंडलमधून खाली येऊ शकतं.

भूमिती

मशीनसोबत टेस्ट चार्ट येतो. उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरच्या भूमितीच्या चाचण्या आयएसओ १०७९१ च्या भाग २ मध्ये दिल्या आहेत, चार्ट बहुधा त्याच धर्तीवर असतो. चार्टमधले आकडे कारखान्यात घेतलेले. मशीन त्यानंतर ट्रकमधून आलंय. इंजिनिअरकडून ते सगळे पुन्हा घ्या, आणि डायल एकदा तरी स्वतः धरा.

मी चार गोष्टींवर जोर देतो. स्पिंडलच्या टेपरच्या आत लिव्हर डायल लावून हाताने स्पिंडल फिरवायचा, काटा पाच मायक्रॉनच्या आत हलावा. मग टेस्ट मॅन्ड्रेल लावून नाकापासून ३०० मिलिमीटरवर बघायचं, तिथे १५-२० मायक्रॉनपर्यंत चालतं. टेपर आणि मॅन्ड्रेल दोन्ही स्वच्छ पुसा, एक केस अडकला तरी आकडा बिघडतो. तिसरी ग्रॅनाइटच्या गुण्यावर एक्स आणि वायची काटकोनता.

चौथी ट्रॅम, म्हणजे टेबलाला स्पिंडल उभा आहे की नाही. स्पिंडलला आडवी दांडी लावून टोकाला डायल बसवा, जेणेकरून काटा टेबलावर ३०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढेल. टेबलावर थेट फिरवलात तर टी स्लॉटमध्ये टोक अडकेल, म्हणून प्रत्येक जागी तोच एक गेज ब्लॉक ठेवून त्यावर रीडिंग घ्या. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. समोरासमोरच्या दोन रीडिंगमधला फरक वीस मायक्रॉनच्या आत हवा. जास्त असेल तर आधी लेव्हलकडे परत जा. नव्या मशीनमध्ये कॉलमखाली पत्री (शिम) घालायची वेळ सहसा येत नाही, पीळ काढला की ट्रॅम बहुतेक वेळा जागेवर येतो.

शक्य असेल तर बॉलबार टेस्ट करून घ्या. अर्ध्या तासात वर्तुळाचा आलेख मिळतो, त्यात बॅकलॅश (दिशा बदलताना अक्षात जाणवणारी ढिलाई), काटकोनता, सर्वोचा मेळ सगळं दिसतं. तो कागद वहीत चिकटवा. पुढे धडक झाली की पुन्हा टेस्ट करून दोन्ही कागद शेजारी ठेवता येतात.

बॅकलॅश तपासायला टेबलावर डायल लावा, एकाच दिशेने येऊन काटा शून्यावर आणा, पुढे अर्धा मिलिमीटर जा आणि परत या. जेवढा फरक तेवढा बॅकलॅश. टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना घ्या. फॅनुकमध्ये याची भरपाई पॅरामीटर १८५१ मध्ये असते, रॅपिडची १८५२ मध्ये. नव्या मशीनला इथे हात लावायची गरज पडू नये. पडली तर पॅरामीटर बदलून गप्प बसू नका, कंपनीला कारण विचारा.

उष्णतेचा हिशोब मात्र प्रत्येकाला यायला हवा. स्टीलचा स्क्रू मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. ५०० मिलिमीटरचा प्रवास आणि पाच अंशांचा फरक म्हणजे जवळपास २९ मायक्रॉन. सकाळी आठला घेतलेला झिरो दुपारी बाराला का सरकतो याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. अॅल्युमिनियमचा जॉब तर स्टीलच्या दुप्पट वाढतो. मोजमापं वॉर्म-अपनंतर, आणि जॉब मशीनशेजारी रात्रभर ठेवूनच.

बॅकअप, त्याच दिवशी

हे पुढे ढकलू नका. बूट स्क्रीनमधून पूर्ण एसरॅम (कंट्रोलरच्या मेमरीचा) बॅकअप घ्या, आणि पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या स्विच-रिलेंचं लॉजिक), पिच एरर (स्क्रूच्या चुकीची भरपाई), मॅक्रो प्रोग्राम वेगळेही काढून ठेवा. कार्डसाठी पॅरामीटर २० मध्ये ४, यूएसबीसाठी १७. दोन प्रती करा, एक पॅनलमध्ये आणि एक घरी.

बॅटऱ्या दोन ठिकाणी असतात: कंट्रोलरच्या मेमरीची आणि एन्कोडरची. दोन्ही वर्षातून एकदा बदला, आणि बदलताना मशीन चालू ठेवा. मेन बंद करून एन्कोडरची बॅटरी काढली की अक्ष आपली जागा विसरतात, अलार्म ३०० येतो आणि पॅरामीटर १८१५ मधून रेफरन्स नव्याने द्यावा लागतो. तशी वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून तिन्ही अक्ष रेफरन्सवर असताना स्थिर आणि हलत्या भागावर एक बारीक सरळ रेघ ओरखडून ठेवा.

कुलंट

पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. बोअरचं जड पाणी वापरलं तर टाकीत साय जमते, आरओचं किंवा नळाचं घ्या. रिफ्रॅक्टोमीटरने ६ ते ८ टक्के राखा. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबची काळी बुकी पाण्यात मिसळून टेलिस्कोपिक कव्हरखाली जाते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते, म्हणून बीड असेल तर कव्हर दर शनिवारी पुसा. सोमवारी सकाळी टाकीला वास आला तर वर तरंगणारं तेल काढलं गेलेलं नाही असं समजा.

आता मशीन आपलंसं करूया

मशीन प्रमाणात आहे हे कळल्यावरच हा भाग. आधी केलात तर बिघाड आणि बदल यांची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट सब-प्लेट, म्हणजे टेबलावर कायम बसवायची जादा प्लेट. टेबलाच्या मापाची, ४० मिलिमीटर जाडीची एमएस प्लेट घ्या, स्ट्रेस रिलीव्ह करून आणि खालून ग्राइंड करून आणा. वरून ५० मिलिमीटरच्या अंतरावर एम १२ चे आटे आणि त्यांच्या मध्ये १२ एच ७ चे डॉवेल होल (जागा पक्की करणाऱ्या पिनांसाठी) त्याच मशीनवर करा. शेवटी वरच्या बाजूवर हलका फेस पास मारा. आता प्लेट त्या मशीनच्या एक्स-वाय चालीला समांतर झाली. डाव्या-पुढच्या कोपऱ्यातल्या डॉवेलला ए१ म्हणा, अक्षरं आणि आकडे प्लेटवर पंचाने उठवा. वाइस, फिक्श्चर सगळं डॉवेलवर बसतं, डायल लावून सरळ करण्यातला रोजचा पाऊण तास वाचतो, आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिता येतं की वाइस सी४ वर. आमच्या शेडमध्ये यापेक्षा जास्त पैसे कुठल्याच बदलाने वाचवले नाहीत.

दुसरी, टूलचे नंबर कायमचे ठरवा. आमच्याकडे टी१ म्हणजे ६३ ची फेस मिल, टी२ स्पॉट ड्रिल, टी२४ डायल धरणारा होल्डर. पहिली बारा घरं कुणी बदलायची नाहीत, उरलेली जॉबप्रमाणे. टूलची लांबी मोजण्याची पद्धतही एकच. आम्ही स्पिंडलच्या गेज लाइनपासूनची खरी लांबी एच मध्ये (टूलच्या लांबीच्या खान्यात) टाकतो आणि जॉबचा झेड जी५४ मध्ये (जॉबच्या झिरोच्या खान्यात). जॉब बदलला की फक्त जी५४ बदलतो, चोवीस टूल पुन्हा शिवावी लागत नाहीत. दोन सेटर दोन पद्धती वापरत असतील तर धडक फक्त तारखेची वाट बघत असते.

तिसरी, छोटे मॅक्रो, म्हणजे कंट्रोलरमध्ये आपणच लिहून ठेवलेले मदतीचे प्रोग्राम. मॅक्रोचं ऑप्शन उघडं असेल तर पॅरामीटर ६०८० मध्ये १०० टाका. मग एम१०० वाचल्यावर कंट्रोलर ओ९०२० प्रोग्राम उघडतो. कंपनीने एम१०० दुसऱ्या कशाला दिलेला नाही ना हे लॅडरमध्ये विचारून घ्या. आमच्या ओ९०२० मध्ये एकच तपासणी आहे: सांगितलेल्या टूलच्या लांबीच्या खान्यात शून्य असेल किंवा आकडा ठरलेल्या हद्दीबाहेर असेल, तर हॅश ३००० चा अलार्म. स्क्रीनवर इंग्रजी लिपीत पण मराठीत येतं, "टूल लांबी बघा". रात्रपाळीचा पोरगाही ते वाचतो आणि थांबतो. प्रोग्राम तपासून झाला की पॅरामीटर ३२०२ चा बिट ४ (मोजणी शून्यापासून) एक करून ९००० चे प्रोग्राम लॉक करा.

चौथा अक्ष, प्रोब, हवेने बंद होणारा वाइस हे नंतर, कामाच्या मागणीप्रमाणे. लॅडरमध्ये बदल लागत असेल तर तो कंपनीकडून लेखी करून घ्या आणि बदलानंतर नवा बॅकअप काढा.

एक बदल मात्र कधीच करू नका, आणि नेमका तोच सगळ्यात आधी मागितला जातो: दरवाजाचा स्विच बायपास. चिप्स झाडायला सोपं जातं, दोन सेकंद वाचतात असं सांगतात. ६३ ची फेस मिल २००० आरपीएमवर फिरत असते, एक इन्सर्ट सुटला की तो कुणाकडे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. काचेपलीकडचं दिसत नसेल तर आत एलईडी दिवा लावा, चिप्स झाडायच्या असतील तर प्रोग्रामच्या शेवटी एअर ब्लो घाला. स्विचला हात लावू नका.

पहिला जॉब

पहिला जॉब पार्टीचा नसावा. अॅल्युमिनियमचा १६० मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा घ्या. त्यावर मध्ये बोअर, बाहेर वर्तुळ, एक सरळ चौकोन आणि एक ३० अंश फिरवलेला चौकोन कापा. आयएसओ १०७९१ च्या भाग ७ मधला चाचणीचा ठोकळा याच विचाराचा आहे. तो सीएमएमवर (मोजमापाच्या मशीनवर) मोजून आणा आणि रिपोर्ट वहीत लावा. ठोकळ्यावर तारीख कोरून तो कपाटात ठेवा. आमचे चारही ठोकळे आहेत.

मग पार्टीचा जॉब. वर्क ऑफसेटच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे बाह्य ऑफसेटच्या झेडमध्ये अधिक १०० टाका. सगळा प्रोग्राम जॉबच्या १०० मिलिमीटर वर हवेत चालतो. सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड २५ टक्के, एक बोट फीड होल्डवर, नजर स्क्रीनवरच्या उरलेल्या अंतरावर. टूल टेकायला तुमच्या डोळ्यांना तीस मिलिमीटर दिसतायत आणि स्क्रीन नव्वद म्हणतोय, तर थांबा. हवेत नीट चालला की ते १०० काढा. काढल्यावर दुसऱ्या माणसाला स्क्रीन दाखवा, मगच सायकल स्टार्ट.

महिन्याने लेव्हल पुन्हा घ्या. कोबा नवा असेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर आणखी एकदा, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. आमच्या वहीच्या मागच्या पानावर दर वर्षीच्या दोन तारखा लिहिलेल्या असतात, एक अक्षय्य तृतीयेच्या आसपासची आणि एक खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी सकाळी पहिलं काम लेव्हलचं, जॉब त्यानंतर.